पुकापुका: साडेसातशे एकरांचा संसार

पुकापुकाला बंदर नाही. माल घेऊन येणारं जहाज बेटापासून लांब, खोल पाण्यात घुटमळत राहतं. नांगर टाकावा म्हटलं तर बाहेरचा उतार इतका सरळ खाली जातो की नांगराला धरायला जागाच मिळत नाही. मग बेटावरून छोट्या बोटी निघतात, फुटणाऱ्या लाटांमधून वाट काढत जहाजाला भिडतात आणि तांदूळ-पिठाची पोती, डिझेलची पिंपं असं सगळं भरून परत त्याच लाटांतून किनाऱ्याला लागतात. जहाज पुन्हा कधी येईल याची खात्री नाही. महिन्याने, दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. विमानाची धावपट्टी आहे, पण ती ज्या बेटावर आहे तिथे वस्ती नाही, आणि विमानही रोजचं नव्हे. राजधानीहून चार तासांच्या वर उडत यायचं, उतरायचं, आणि मग होडीने घर गाठायचं.

अशा ठिकाणी माणसं शेकडो वर्षं राहत आली आहेत. आजही साधारण साडेचारशे जण राहतात. ती तिथे कशी पोचली हे कुतूहल सगळ्यांनाच असतं. मला मात्र ती तिथे खातात काय आणि पितात काय, हा प्रश्न जास्त मोठा वाटतो. त्याचं उत्तर शोधायला लागलं की भूगोल, इतिहास आणि गावकी अशा तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात येतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी नकाशा. पॅसिफिक महासागरात कुक आयलंड्स नावाचा देश आहे. बेटं पंधरा. १९६५ पासून अंतर्गत कारभार स्वतःचा, न्यूझीलंडशी विशेष नातं, आणि लोकांकडे न्यूझीलंडचं नागरिकत्व. राजधानी रारोटोंगा बेटावर. या देशाच्या उत्तर टोकाला, विषुववृत्ताच्या अकरा अंश दक्षिणेला पुकापुका आहे. स्वतःच्या राजधानीपासून ते सुमारे १,३०० किलोमीटर दूर आहे, आणि शेजारचा देश सामोआ त्यामानाने जवळ, सातशेच्या आसपास. भाषेतही हेच दिसतं. पुकापुकाची बोली रारोटोंगाच्या माओरीपेक्षा सामोआकडच्या भाषांना जवळची आहे. (फ्रेंच पॉलिनेशियात पुका-पुका नावाचं आणखी एक बेट आहे. १५२१ मध्ये मॅगेलनला पॅसिफिक ओलांडताना जे पहिलं बेट दिसलं ते बहुधा ते. इंटरनेटवर या दोघांची बरीच सरमिसळ झालेली आहे, सांभाळून वाचावं.)

बेटाचा आकार तिकोनी. म्हणजे समुद्रातून वर आलेली प्रवाळाची एक तिकोनी कड, आणि तिच्या तीन कोपऱ्यांवर जमिनीचे तीन तुकडे: उत्तरेला वाले, आग्नेयेला मोतू को, नैर्ऋत्येला मोतू कोतावा. ‘मोतू’ म्हणजे बेट. मध्ये उथळ, निळंहिरवं, शांत पाणी, म्हणजे लगून. वस्ती फक्त वालेवर. या नावाचा अर्थच ‘घर’. तिन्ही तुकडे मिळून जमीन सुमारे तीन चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसातशे एकर. त्यात डोंगर नाही, ओढा नाही, खडक म्हणावा असा दगड नाही, माती म्हणावी अशी माती नाही. सगळं बेट म्हणजे प्रवाळाचा चुरा.

प्रवाळ म्हणजे आपलं पोवळं. अंगठीतलं लाल पोवळं ज्या गोतातलं, त्याच गोतातले हे जीव. अगदी लहान, मऊ, एका जागी चिकटून राहणारे. पाण्यातला चुना घेऊन ते स्वतःभोवती घर बांधतात, मरतात, आणि पुढची पिढी त्याच घरावर आपलं घर चढवते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यांना देतं. त्यामुळे बेटं बांधणाऱ्या प्रवाळाला उजेड लागतो आणि उजेडासाठी उथळ पाणी लागतं. आता पेच असा, की पुकापुकाच्या चहूबाजूंना समुद्र हजारो मीटर खोल आहे. उथळ पाण्यात वाढणारा जीव इतक्या खोलातून वर आला कसा?

हे कोडं चार्ल्स डार्विनने सोडवलं. उत्क्रांतीवर लिहायच्या कितीतरी आधी, १८४२ मध्ये, प्रवाळावर. त्याचं म्हणणं साधं होतं. आधी समुद्राच्या तळातून ज्वालामुखी वर येतो आणि बेट होतं. त्याच्या किनाऱ्याला उथळ पाण्यात प्रवाळ धरतो, जणू झालर. मग ज्वालामुखी थंड होतो आणि लाखो वर्षांत आपल्याच वजनाने हळूहळू खाली बसू लागतो. डोंगर बुडतो, पण प्रवाळ बुडायला तयार नसतो. डोंगर जेवढा खाली जाईल तेवढा तो वर चढतो. शेवटी डोंगराचं शिखरही पाण्याखाली जातं आणि उरते ती फक्त झालर, मध्ये पाणी. हे झालं कंकणद्वीप. हातातली बांगडी शिल्लक, मनगट गायब.

डार्विनचं हे नुसतं तर्काचं गणित होतं. पडताळायचं तर प्रवाळात भोक पाडून खाली डोंगर लागतो का ते बघायला हवं. १८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने फुनाफुटी कंकणद्वीपावर हे करून पाहिलं. जवळपास ३४० मीटर खाली गेले, तरी प्रवाळ संपेना. शेवटी १९५२ मध्ये एनिवेटॉक बेटावर अमेरिकनांनी बाराशे मीटरच्याही खाली छिद्र नेलं, तेव्हा काळा ज्वालामुखी दगड लागला. त्या बेटावर अमेरिका अणुचाचण्या करत होती. डार्विनला सत्तर वर्षांनी मरणोत्तर पुरावा मिळाला, तो असा.

पण ही झाली कडेची गोष्ट. कडेवर जमीन कुठून आली? वादळांनी आणली. वादळी लाटा बाहेरच्या बाजूचे प्रवाळाचे तुकडे मोडून कडेवर फेकतात. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याची वाळू करून सोडतात. शिंपले, चुनखडी शैवाल यांचा चुरा त्यात मिसळतो. काही हजार वर्षांपूर्वी मध्य पॅसिफिकमध्ये समुद्राची पातळी आजच्यापेक्षा मीटर-दीड मीटर वर होती. ती खाली आली तेव्हा कुठे हा ढिगारा पाण्याबाहेर टिकू लागला. म्हणजे पाया लाखो वर्षांचा, पण पायाखालची वाळू गेल्या दोन-तीन हजार वर्षांतली. पंढरपूरचा घाट जितका जुना वाटतो त्याहून ही ‘जमीन’ फार जुनी नाही. ज्यांनी लक्षद्वीप पाहिलं आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल, तीही कंकणद्वीपंच.

आता पाणी. नदी नाही, तळं नाही, आणि जमीन चाळणीसारखी. पाऊस पडला की सरळ खाली. पण खाली मुरलेलं पाणी लगेच समुद्रात जात नाही. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असतं, त्यामुळे वाळूच्या आत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. सरबतात बर्फाचा खडा टाकला की थोडा वर दिसतो आणि बराचसा आत बुडालेला असतो, तसंच. कागदावरचा हिशेब असा: समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट, तर खाली चाळीस फूट. आकार मध्ये जाड आणि कडेला पातळ, भिंगासारखा. प्रत्यक्षात एवढ्याशा बेटावर भरती-ओहोटी रोज हे भिंग ढवळत असते, त्यामुळे ते हिशेबापेक्षा पुष्कळ पातळ असतं. आणि बेट फारच चिंचोळं असेल तर भिंग धरतच नाही, सगळं मचूळ. म्हणून कंकणद्वीपावर वस्ती कुठे करायची हे किनारा किती सुंदर आहे यावर ठरत नाही. बेटाची रुंदी ठरवते.

हे भिंग आहे म्हणून शेती आहे. आणि शेती म्हणजे काय, तर अळू!

हो, आपलंच अळू. ज्याच्या पानांच्या वड्या होतात, ज्याचं फदफदं पंगतीत वाढतात, तेच. फरक इतकाच, की आपण मुख्यतः पान खातो आणि पॉलिनेशियन माणूस मुख्यतः कंद खातो, आपल्या अळकुड्यांचे थोरले भाऊ. त्याच्याबरोबर ‘पुलाका’ नावाचं अळूच्याच कुळातलं एक दांडगं झाड लावतात. पान माणसाच्या डोक्याच्या वर जातं आणि कंद जमिनीत वर्षानुवर्षं राखून ठेवता येतो. घरची तिजोरीच म्हणा.

पण अळूला ओल लागते आणि सुपीक चिखल लागतो, तर बेटावर दोन्ही नाही. मग माणसांनी काय केलं, तर बेटाच्या मध्यभागी जिथे भिंग जाड आहे तिथे वाळू खणली. खणत खणत थेट गोड्या पाण्याच्या पातळीपर्यंत. लोखंड नव्हतं, हातात लाकूड, शिंपले आणि कासवाची पाठ असली अवजारं. खणलेला चुरा कडेला उपसून टाकला. असे खड्डे, शेजारी शेजारी, पिढ्यान्‌पिढ्या. मग त्या खड्ड्यांत पाला टाकायचा. तो कुजला की आणखी पाला. शंभर-दोनशे वर्षांत तळाशी काळा, मऊ, गुडघाभर गाळ साचतो. आज त्या खाचरात उभं राहिलं तर पायाखाली जे लागतं ते निसर्गाने दिलेलं नाही, बायकांनी टोपल्यांनी वाहून आणलेलं आहे. बायकांनीच, कारण पुकापुकावर अळूची शेती हे बायकांचं काम. पुरुष माडावर चढतात आणि मासे मारतात. कोकणात भाताची खाचरं बांधताना जी मेहनत दिसते ती इथेही आहे. फक्त आपण बांध वर घालतो आणि ते तळ खाली नेतात.

बाकी सगळं नारळावर. शहाळ्याचं पाणी, खोबरं, झापांची छपरं, सुंभाचे दोर. आणि एक खास चीज म्हणजे ‘उतो’. नारळाला मोड आला की आतलं पाणी आटत जातं आणि त्या जागी पांढरा, हलका, स्पंजसारखा गोळा तयार होतो. कोकणातल्या पोरांना तो माहीत आहे. नारळ फोडला आणि आत हा गोळा निघाला तर कुणी खायचा यावरून भांडण ठरलेलं. आपल्याकडे तो चुकून मिळणारा खाऊ. पुकापुकावर मात्र तो मुद्दाम तयार होऊ देतात, कारण ते टिकाऊ अन्न आहे.

आता गावकी. वालेवर तीन गावं आहेत, लगूनच्या काठाने एकाला एक लागून: पूर्वेला ङाके, मध्ये लोतो, पश्चिमेला यातो. (आपल्या वर्णमालेतला ङ वाङ्मय सोडला तर कुठे कामाला येत नाही. पुकापुकाच्या भाषेत तो शब्दाच्या सुरुवातीलाच येतो, त्यामुळे ही नावं देवनागरीत रोमनपेक्षा नीट बसतात. ‘यातो’मधला ‘य’ मात्र आपला य नाही. जीभ दातांना लावून काढलेला, द आणि ध यांच्या आसपासचा आवाज आहे.)

प्रत्येक गावाची एक राखीव जमीन आहे. ङाकेची मोतू को, आणि बाकीच्या दोन गावांकडे मिळून मोतू कोतावा आणि वालेवरचीच ‘मोतू उता’, प्रत्येकी एक. या राखीव जागांवर एरवी कुणी जायचं नाही. वर्षातला बराच काळ त्या बंद असतात. गाव राखणदार नेमतं, आणि बंदीच्या काळात स्वतःच्याच गावातला माणूस नारळ उचलताना सापडला तरी त्याची गय नाही. आपल्याकडच्या देवराईची आठवण येते. पण देवराईत कुऱ्हाड देवाच्या धाकाने थांबते, इथे ती पुढच्या वादळाच्या हिशेबाने थांबते. मग गाव ठरवतं, की आता उघडा. त्या दिवसांत कुटुंबंच्या कुटुंबं होड्या भरून पलीकडच्या बेटावर राहायला जातात. नारळ पाडायचे, खेकडे पकडायचे, आणि मग वाटे घालायचे.

या वाट्यांना ते ‘तुआङा काई’ म्हणतात. ‘काई’ म्हणजे अन्न. कोकणच्या बाजारात मासळीचे वाटे मांडलेले असतात, तसाच प्रकार. पण इथे विक्री नाही. गावाच्या सामाईक जागेतून आलेलं अन्न मांडायचं, माणसं मोजायची आणि वाटायचं. कोण किती राबला, कुणाचा बाप कोण, हे तिथे चालत नाही. या एका व्यवस्थेमुळे अनेक गोष्टी आपोआप होतात. ज्याला सगळ्यांच्या बरोबरीने वाटा मिळतो त्याला चोरून नारळ पाडायची गरज कमी. आणि जो पाडेल त्याच्यावर नजर ठेवायला सगळं गाव मोकळं, कारण तो चोरतो तो माझ्या वाट्यातून. कुटुंबांच्या खासगी जमिनीही आहेत, वारसाहक्काचे गुंतेही आहेत, आईकडून काय आणि बापाकडून काय याचे नियमही वेगळे आहेत. त्यावर मानववंशशास्त्रज्ञांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण बेट तगलं ते या कुलूप-किल्लीवर, असं माझं मत.

ही व्यवस्था हौसेने आलेली नाही. बेटाच्या तोंडी इतिहासात एका घटनेपाशी सगळ्यांचा आवाज खाली येतो: ‘ते माते वोलो’, म्हणजे मोठं मरण. सुमारे चारशे वर्षांपूर्वी समुद्र बेटावरून गेला. वादळ होतं की त्सुनामी, ते परंपरेतून नक्की कळत नाही. पण किती उरले ते परंपरेने मोजून ठेवलं आहे: पंधरा पुरुष, दोन बायका, आणि त्यांच्या घरातली उरलीसुरली माणसं. आजचं बेट आपली वंशावळ तिथून मोजतं. सतरा माणसांच्या आकड्याभोवती जी गावकी उभी राहिली ती वाटे मोजण्याबाबत काटेकोर असली तर नवल नाही.

युरोपियनांचा या बेटाशी पहिला संबंध म्हणजे लांबून बघून पुढे जाणं. २० ऑगस्ट १५९५ रोजी स्पॅनिश दर्यावर्दी मेंडान्याला ते दिसलं. त्या दिवशी संत बर्नार्डचा सण होता, म्हणून नाव पडलं सान बर्नार्डो. उतरला नाही. २१ जून १७६५ रोजी इंग्रज कप्तान जॉन बायरन ‘डॉल्फिन’ जहाजावरून आला. हा कवी बायरनचा आजोबा. त्यालाही कडेवर फुटणाऱ्या लाटा बघून उतरायची हिंमत झाली नाही, आणि त्याने नकाशावर लिहून टाकलं, ‘धोक्याची बेटं’. दीडशे वर्षं इंग्रजी नकाशांवर हेच नाव चाललं. बेटावरच्या माणसांच्या दृष्टीने ती धोकादायक कड म्हणजे कुंपण होतं, आणि ते बराच काळ कामाला आलं.

१८५७ च्या डिसेंबरात कुंपण ओलांडलं गेलं, पण गोऱ्यांकडून नव्हे. लंडन मिशनरी सोसायटीने पाठवलेले धर्मशिक्षक कुक बेटांमधलेच पॉलिनेशियन होते. काही वर्षांत बेट ख्रिस्ती झालं. १८६४ मध्ये मिशनचं ‘जॉन विल्यम्स’ हे जहाज याच कडेवर आपटून फुटलं. बायरनची भीती अगदीच खोटी नव्हती.

त्याच्या एक वर्ष आधी जे घडलं ते मात्र जहाज फुटण्यापेक्षा कितीतरी वाईट. पेरू देशातल्या मळ्यांना आणि खाणींना मजूर हवे होते. १८६२-६३ मध्ये त्यांची जहाजं पॉलिनेशियाभर फिरली. कुठे फसवून, कुठे पकडून माणसं नेली. पुकापुकावरून १४० च्या आसपास स्त्री-पुरुष गेले. परत आले दोन. त्यांची नावं बेटाने जपली आहेत: कोलिया आणि पिलातो. आपल्याकडून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ‘करारावर मजूर’ या शब्दांची किंमत सांगायला नको. पण निदान मॉरिशसला गेलेल्यांची वस्ती झाली. पुकापुकाच्या माणसांचं तेवढंही झालं नाही. रोगाने आणि कष्टाने ती संपली.

पुढचा सरकारी इतिहास चार वाक्यांत उरकतो. १८९२ मध्ये ब्रिटिश संरक्षण, १९०१ मध्ये न्यूझीलंडकडे वर्ग, १९६५ मध्ये स्वराज्य. यात एक गंमत अशी की एवढ्या सगळ्या काळात अमेरिकाही या बेटावर हक्क सांगत होती. १८५६ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे कुणा अमेरिकनाला पक्ष्यांच्या विष्ठेचं खत असलेलं बेवारस बेट सापडलं, तर ते अमेरिकेचं मानता येत असे. पुकापुका बेवारस नव्हतं. तरीही नाव यादीत लागलं ते लागलंच, आणि १९८० च्या कराराने अमेरिकेने ते सोडून दिलं. बेटावर कुणाला याचा कधी पत्ता लागला असेल असं वाटत नाही.

सरकारी इतिहासापेक्षा मला १९५१ चा एक व्यवहार जास्त आवडतो. पुकापुकाच्या आग्नेयेला ९० किलोमीटरवर नासाऊ नावाचं एक छोटं बेट आहे, मध्ये लगून नसलेलं. ते कधी खासगी कंपनीकडे, मग सरकारकडे. पुकापुकाच्या लोकांनी मिळून ते सरकारकडून विकत घेतलं, २,००० पौंडांना. म्हणजे तीन गावांनी वर्गणी काढून चक्क एक बेट घेतलं! तेव्हापासून तिथे पुकापुकाचीच माणसं वस्तीला असतात. सामाईक राखीव जमिनीची जी सवय होती तिचं हे मोठं रूप.

आणि एक पाहुणचाराची गोष्ट. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकन विमानवाहू जहाजावरचं एक विमान इंधन संपून समुद्रात उतरलं. डिक्सन, आल्ड्रिच आणि पास्तुला असे तिघे. अन्न नाही, पाणी नाही, चार फूट बाय आठ फुटांचा रबरी तराफा. पावसाचं पाणी, एखादा मासा, एखादा पक्षी यांवर चौतीस दिवस वाहत वाहत ते १९ फेब्रुवारीला एका कडेवर आदळले. ते पुकापुका होतं. उभं राहायची ताकद उरली नव्हती. किनाऱ्यावरच्या एका झोपडीत ते सापडले आणि गावाने त्यांना वाचवलं. बायरनला ज्या कडेवर धोका दिसला त्याच कडेवर हे तिघे जिवंत उतरले.

आता मला सगळ्यात चमत्कारिक वाटणारी गोष्ट. १९३४-३५ मध्ये अर्नेस्ट आणि पर्ल बीगलहोल हे नवरा-बायको सात महिने बेटावर राहिले आणि त्यांनी तिथल्या समाजरचनेचा जाडजूड ग्रंथ लिहिला. नंतरही अभ्यासक आले. सगळ्यांनी लिहिलं: तीन गावं, तीन राखीव जमिनी. मग १९७६ मध्ये बेटाने ठरवलं की तीन गावांची पद्धत बाजूला ठेवू आणि ‘आकातावा’ सुरू करू. म्हणजे बेटाचे दोनच भाग, जमीन, अन्न, खेळ सगळं त्या दोघांत. लोक म्हणाले, यात नवीन काही नाही, ही जुनी रीत आहे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट बोरोफ्स्की नावाचा अमेरिकन अभ्यासक तिथे पोचला आणि चक्रावला. कारण आकातावाचा आधीच्या कुठल्याच अभ्यासकाच्या लिखाणात मागमूस नव्हता.

खोटं कोण बोलतंय? सोपी उत्तरं दोन. एक, अभ्यासकांना दिसलं नाही. दोन, लोकांनी नवी रीत जुनी म्हणून खपवली. बोरोफ्स्की दोन्हींवर समाधानी नव्हता. त्याच्या लक्षात आलं की बेटावर परंपरा म्हणजे कपाटातली वही नव्हे. लोक वाद घालतात, आठवतात, दुसऱ्याचं खोडतात, गरजेप्रमाणे जुळवतात, आणि त्या वादातूनच ‘पूर्वी असं होतं’ हे पक्कं होत जातं. उलट अभ्यासक येतो, जे त्या वर्षी दिसतं ते छापतो, आणि मग तीच ‘खरी’ परंपरा ठरते. गावच्या जत्रेत पालखीचा पहिला मान कुठल्या घराण्याचा, यावर आपल्याकडे दर पिढीत जे रणकंदन होतं ते ज्याने पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको. काही वर्षांनी बेट पुन्हा तीन गावांवर आलं. तेही जुन्या रीतीप्रमाणेच, अर्थात.

राहता राहिला समुद्र. ‘ही बेटं बुडणार’ हे आपण इतकं ऐकलं आहे की पुढचं ऐकत नाही. तुवालू हा पुकापुकाच्या पश्चिमेचा कंकणद्वीपांचा देश. तिथल्या १०१ बेटांची हवाई छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं २०१८ मध्ये एका अभ्यासात ताडून पाहिली. १९७१ ते २०१४ या काळात समुद्र चढत असूनही एकूण जमीन कमी झाली नव्हती, जवळपास तीन टक्के वाढली होती. वर सांगितलेलं आठवा: जमीन लाटांनीच आणलेली आहे, आणि प्रवाळ जिवंत आहे तोवर लाटा आणखी आणू शकतात. काही बेटं झिजली, काही सरकली, काही वाढली. मात्र यावरून ‘सगळं ठीक आहे’ असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट धरलेली नसते. वरून दिसतो तो किनारा. अळूचा खड्डा मोजणीत येत नाही. खड्डा गोड्या पाण्याच्या भिंगात खणलेला, म्हणजे बेटावरची सगळ्यात खोलगट जागा. समुद्र एकदा आत आला की किनाऱ्यावरून ओसरतो, पण खड्ड्यात साचून राहतो.

फेब्रुवारी २००५ च्या अखेरीस पर्सी चक्रीवादळात हेच झालं. घरं गेली, माड मोडले. ते सगळं दिसणारं नुकसान. न दिसणारं नुकसान अळूच्या खाचरांत होतं. शेकडो वर्षांच्या काळ्या गाळात मीठ शिरलं आणि कंद जागीच सडले. त्यावर औषध नाही. पाऊस पडायचा, गोडं पाणी वरून दाबायचं, खारं हळूहळू खाली आणि कडेला सरकायचं, आणि माणसांनी वाट बघायची. तोवर जहाजातून येणारा तांदूळ आणि पीठ.

या अशा वर्षांत माणसं निघून जातात. आज बेटावर आहेत त्याहून कितीतरी जास्त पुकापुकाचे लोक न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात आहेत, सगळ्यात मोठी वस्ती ऑकलंडमध्ये. बेटावर राहिलेल्यांनी मेलेले कंद उपसले, सडलेला पाला काढला, आणि ज्या खड्ड्याचं पाणी आधी गोडं झालं त्यात आधी लावणी केली.